सीटबेल्ट लावताना होणाऱ्या या चुका टाळा

नवी गाडी घेतली की पहिला खर्च सीटकव्हरचा. आम्हीही तेच केलं. दिवाळीत साताऱ्याला निघालो, आई मागे बसली आणि तिचा बेल्ट लावायला गेलो तर बक्कलच सापडेना. कव्हर बसवणाऱ्याने मागची तिन्ही बक्कलं खाली दाबून टाकली होती. आठ महिने कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण मागे बेल्ट कुणी लावतच नव्हतं. गाडी बाजूला घेतली, कव्हरची इलॅस्टिकची नाडी सैल केली आणि फटीत बोटं घालून एकेक बक्कल वर काढलं. तुमच्या गाडीतली आजच बघून घ्या.

‘मागे कशाला बेल्ट?’ ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली. मागे बसलेले दोघंही गेले आणि दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. धडकेत गाडी थांबते, आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळला की पुढच्याचाही जीव धोक्यात येतो. कायद्यातही मागच्यांना सूट नाही; बेल्ट नसेल तर 1000 रुपये दंड आहे.

बेल्ट हाडांवर हवा

हे एक ध्यानात ठेवलं की बाकीचं आपोआप जमतं. खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर, मांड्यांना लागून. वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून, छातीवरून तिरका. धडकेचा जोर हाडं सोसतात. पोट सोसत नाही.

आईने बेल्ट लावला तो निऱ्यांच्या वर, थेट पोटावर. वरचा पट्टा गळ्याला काचतो म्हणून काखेखालून घेतला. या दोन चुका तर घरोघरी दिसतात. पोटावरचा पट्टा धडकेत आतड्यांवर दाबला जातो आणि काखेखालचा बरगड्यांवर. साडी असली तर पट्टा निऱ्यांच्या खाली सरकवायचा, मग वरचा भाग ओढून सगळी ढील काढायची. पुढच्या सीटवर गळ्याला काचत असेल तर दाराशेजारच्या खांबावर बेल्ट वर-खाली करायचा खटका बऱ्याच गाड्यांना असतो, तो खाली घ्या. जाड स्वेटर किंवा जाकीट असेल तर बेल्ट त्याच्या आतून घ्या. गरोदर बाईनेही बेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या खाली, वरचा छातीच्या मधून आणि पोटाच्या बाजूने.

सीट मागे पाडून झोपणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, कारण एक्स्प्रेस वेवर हे फार दिसतं. तसं झोपलं की वरचा पट्टा अंगापासून सुटतो आणि धडकेत माणूस बेल्टखालून पुढे घसरतो. झोप लागू दे, पण पाठ सरळ ठेवून.

मांडीवरच्या बाळाचं तर बोलतानाही पोटात गोळा येतो. ताशी 50 चा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्य झाला, तर 10 किलोचं बाळ हातांना सुमारे 140 किलोंचं लागतं. कुठल्याही आईचे हात ते पेलू शकत नाहीत. एकाच बेल्टमध्ये स्वतःला आणि बाळाला बांधलं तर आपलंच वजन बाळावर येतं. बाळाला मागच्या सीटवर, त्याच्या चाइल्ड सीटमध्येच बसवा.

बीप बंद करू नका, कारण शोधा

1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्ट न लावल्यास बीप वाजवणारी सूचना सक्तीची झाली. ती गप्प करायला लोक बेल्ट नसलेली नुसती क्लिप बक्कलात घालतात किंवा बेल्ट पाठीमागून लावतात. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आदेशावरून अशा क्लिपच्या 13,118 जाहिराती ऑनलाइन दुकानांना काढाव्या लागल्या. एअरबॅग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बेल्ट नसेल तर माणूस आधीच पुढे फेकला जातो आणि जोरात उघडणारी एअरबॅग त्याच्याच तोंडावर बसते.

शेजारची सीट रिकामी असूनही बीप वाजतोय? तिथं लॅपटॉपची बॅग किंवा भाजीची पिशवी असेल. सीटखालच्या सेन्सरला ते माणसाचं वजन वाटतं. सामान मागे खाली ठेवा. बेल्ट लावूनही लाल दिवा जात नसेल तर बक्कलात टॉर्च मारून बघा. बिस्किटाचा चुरा, नाणं, काहीही निघतं. तेल मात्र सोडू नका. एअरबॅगचा दिवा वेगळा असतो. तो पेटून राहिला तर सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात न लावता गाडी सर्व्हिस सेंटरला न्या.

घाटात, चढावर उभ्या गाडीत बेल्ट ओढला आणि अडकला तर तो बिघडलेला नाही. गाडी कलली की लॉक लागतो. थोडा आत सोडा आणि हळू ओढा. आत जायला आळस करत असेल तर पूर्ण बाहेर काढून साध्या साबणाच्या पाण्याने पुसा आणि सावलीत वाळवूनच आत सोडा.

जुनी गाडी घेताना सगळे बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. कडा पिंजलेल्या दिसल्या किंवा झटका दिल्यावर बेल्ट अडकला नाही, तर तो बदलून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मोठ्या धडकेत वापरला गेलेला बेल्ट दिसायला चांगला असला तरी बदलावाच लागतो.