पाळीव साप हाताळताना हात थरथरू नये म्हणून

साप हातात घ्यायला धाडस लागतं असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं, आणि कोल्हापुरात धाडसाला तोटा नाही. ‘आण इकडं, मी धरतो’ म्हणणारा एक तरी गडी प्रत्येक तालमीत सापडेल. पाळलेल्या सापाला मात्र धाडसी माणसाचा काही उपयोग नसतो. त्याला हवा असतो सावकाश हलणारा, रोज तसाच वागणारा आणि उंदराचा वास न येणारा हात. असा हात कसा तयार करायचा, ते इथे सांगतो. उदाहरण मुख्यतः बॉल पायथन या लहान परदेशी अजगराचं घेतलंय, कारण नवखे लोक बहुधा त्याच्यापासून सुरुवात करतात. कॉर्न स्नेक या दुसऱ्या पाळीव सापाचं जिथे वेगळं आहे तिथे तसं म्हटलंय.

हात लावण्याआधी कागद बघा

नाग, धामण, अजगर, मांडूळ, यातला कुठलाही साप रानातून आणून घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. मांडुळाने घरात पैसा येतो म्हणणाऱ्याचा पैसा वकिलाकडे जातो, एवढंच.

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो येतो. आपल्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तिच्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करायची असते. तिचे नियम २०२४ मध्ये आले आणि नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. साप विकत घेताना नोंदणीचे आणि मालकी बदलल्याचे कागद मागा. ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. कॉर्न स्नेक अमेरिकेतला. तो साइट्सच्या परिशिष्टांत नाही, तरी तो कायदेशीर मार्गाने आला आहे का हे विचाराच.

आणखी एक सल्ला, जो विक्रेत्याला आवडणार नाही. अगदी पिल्लू घेऊ नका. पिल्लू लहान, म्हणजे कमी भीतीचं, असा हिशेब लोक करतात. प्रत्यक्षात पिल्लूच जास्त बिचकतं, कारण निसर्गात त्याला खाणारे पुष्कळ असतात आणि वरून येणारी प्रत्येक सावली त्याला घारीची वाटते. साधारण वर्षभराचा, नियमित खाणारा, माणसाच्या हाताची सवय झालेला साप नवख्याला बरा.

पहिला आठवडा-दहा दिवस : काहीच करायचं नाही

हेच सगळ्यात अवघड आहे. साप घरी आला की शेजारपाजारचे, मित्र, चुलतभाऊ, सगळे बघायला येतात. त्यांना नंतर बोलवा. टाकीवर, म्हणजे साप ठेवायच्या पेटीवर, चादर टाका, आत लपायला दोन जागा द्या, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. पाणी बदलायला आणि घाण काढायलाच काय तो हात आत जाऊ दे. तो सलग दोन-तीन वेळा नीट खाईपर्यंत उचलू नका.

तापमान चुकलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. बॉल पायथनला उबदार कोपऱ्यात ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड कोपऱ्यात २५-२६ लागतं. कॉर्न स्नेकला दोन्हीकडे दोन-तीन अंश कमी चालतं. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. गारठलेला साप खाल्लेलं पचवू शकत नाही, उलटी करतो, आणि आजारी साप हाताळून कोणाचाच आत्मविश्वास वाढत नाही. म्हणून टाकीखाली ऊब देणारी विजेची हीट मॅट हवी आणि तिला तापमान आवरणारा थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर त्याच मॅटने पोट भाजतं. पावसाळ्यात उलटा प्रश्न. आपल्याकडे जुलैत भिंतींनाही ओल येते. टाकीत हवा खेळती नसेल तर सापाला श्वसनाचा आजार होतो. तोंडाशी बुडबुडे, श्वास घेताना घरघर, मान वर करून तोंड उघडं ठेवणं ही त्याची लक्षणं. तसं दिसलं तर हाताळणी बंद, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठायचा. तो कोण, हे साप आणण्याआधीच शोधून ठेवा.

साप जग कसं बघतो

भीतीचा बराच भाग इथेच कमी होतो. सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीतली कंपनं आणि खालच्या पट्टीतले आवाज त्याला कळतात, पण तुमची गोड हाक त्याच्या लेखी काहीच नाही. तो जीभ बाहेर काढतो ती हवेतला वास टिपायला, डसायला नव्हे. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. अंधारात त्याला गरम शरीर ‘दिसतं’. आता विचार करा, तुमचा हात गरम आहे, त्याला उंदराचा वास येतोय आणि तो तोंडासमोरून येतोय. तो चावला तर त्याने रागाने नाही, भुकेने चावा घेतला. कॉर्न स्नेकला हे खळगे नसतात, पण वासावर त्याचाही तितकाच विश्वास असतो.

म्हणून हाताळण्याआधी साबणाने हात धुवा. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, मोकळे केस बांधा. नंतरही हात धुवा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना याच कारणासाठी साप हाताळायला देऊ नये, मग मूल कितीही हट्ट करो.

उचलण्याचा सराव

खोली आधी तयार करा. दार, खिडकी बंद, मोरीचं भोक झाकलेलं, कपाटाखालची फट टॉवेलने बुजवलेली. छताचा पंखा बंद. उकडलं तर उकडू दे. जमिनीवर घोंगडं किंवा चादर टाकून बसा, म्हणजे साप निसटला तरी वीतभरच खाली पडेल. पहिले काही दिवस घरातलं कोणीतरी सोबत असू दे, मात्र त्याने सूचना देऊ नयेत.

एकदम उचलायला जाऊ नका. सुरुवातीला टाकी उघडून हात नुसता आत ठेवा, सापापासून लांब. तो जीभ लवलवत जवळ आला तर येऊ दे. दोन-चार वेळा हे झालं की मग पाठीच्या मधल्या भागाला हलका स्पर्श करा. डोक्याला नाही, शेपटीलाही नाही. तुमची धडधड थांबेपर्यंत याच पायरीवर थांबलात तरी हरकत नाही. कोणी हसलं तर हसू दे.

मग उचलणं. साप जागा आहे ना हे आधी बघा. त्याला पापण्या नसतात, त्यामुळे डोळे उघडे दिसले म्हणजे तो जागा, असं नसतं. पुठ्ठ्याच्या नळीने किंवा सापाच्या हुकने त्याच्या अंगाला हळूच दोनदा टेकवा. दरवेळी हेच केलं तर नळी टेकली की जेवण नाही, हात येणार, हे त्याच्या सवयीचं होतं. हात वरून आणू नका, बाजूने आणा. एक हात शरीराच्या पुढच्या एक-तृतीयांश भागाखाली, दुसरा मागच्या भागाखाली, आणि एका सलग हालचालीत उचला. नवख्याचं घोडं अडतं ते इथेच. हात अर्ध्यावर नेऊन मागे घेतला जातो, पुन्हा पुढे जातो, पुन्हा मागे. सापाला ही पुढे-मागे होणारी हालचाल धोक्याची वाटते. ठरलं की उचला, नाही ठरलं तर झाकण लावा आणि उद्या बघा. हे वळण आधी हाताला लागावं म्हणून पिळलेल्या ओल्या पंच्यावर सराव करता येतो. घरचे वेड्यात काढतील, पण वजन कुठे लोंबतं आणि आधार कुठे द्यायचा ते त्यात बरोबर कळतं.

हातात आल्यावर आवळून धरू नका. सापाला पकड नको असते, आधार हवा असतो. तो पुढे सरकेल तसा एका हाताखालून दुसरा हात पुढे आणत राहा. तो मनगटाला वेढा घालेल. बॉल पायथन पकड घेतो ती पडू नये म्हणून. सोडवायचा असेल तर शेपटीकडून उलगडा. सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत, नंतर दहा-पंधरा. आठवड्यातून दोन-तीन वेळा. रोज तासभर हातात घेतल्याने साप माणसाळत नाही, कंटाळतो. शक्य असेल तर तो शांत असतानाच परत ठेवा.

हातमोजे? माझं मत, नकोत. जाड हातमोज्यात सापाच्या अंगातला ताण कळत नाही आणि त्याला तुमचा वास ओळखता येत नाही. फारच भीती वाटत असेल तर लांब बाह्यांचा सदरा घाला.

कधी हात लावायचाच नाही

खाल्ल्यानंतर ४८ तास. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ-निळसर होतात तेव्हा, कारण त्याला धड दिसत नाही आणि तो चिडलेला असतो. मान इंग्रजी ‘एस’सारखी वळवून मागे ओढली असेल तेव्हा. फुसफुस चालली असेल तेव्हा. बॉल पायथन घाबरला की डोकं आत घालून चेंडू करतो. लोकांना ते गोंडस वाटतं आणि ते फोटो काढतात. तो घाबरलाय, त्याला ठेवा. कॉर्न स्नेक शेपूट थरथरवतो, वाळक्या पानांत खुळखुळ्यासारखा आवाज येतो, अर्थ तोच.

तुम्ही स्वतः चिडलेले, दमलेले किंवा दोन घोट घेतलेले असाल तेव्हाही नाही. गळ्यात घालून रील करायची असेल तर मी मदत करणार नाही. गळ्याभोवती साप ही सवयच वाईट, बारक्यांच्या तर बिलकूल नाही.

चावला तर

एकदा तरी चावेल असं गृहीत धरा. बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक दोन्ही बिनविषारी. बहुतेक वेळा साप झटक्यात चावून सोडतो, आणि बारीक टाचण्या टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके उठतात. घाव मोठा होतो तो हात झटक्याने ओढल्यामुळे. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं की कातडी फाटते आणि दातही तुटून आत राहतो. त्याने धरूनच ठेवलं तर हलू नका, थंड पाण्याची धार त्याच्या तोंडाजवळ सोडा. सुटल्यावर साबणाने धुवा, जंतुनाशक लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते बघा.

मग, जमलं तर, सापाला दोन मिनिटं शांतपणे हातात घेऊन मगच परत ठेवा. हे त्याच्यापेक्षा तुमच्यासाठी आहे. चावल्यावर लगेच झाकण लावून जे पळतात, त्यांना पुढच्या वेळी झाकण उघडणं दुप्पट जड जातं.

घरातले

साप वीस-पंचवीस वर्षं जगतो, त्यामुळे आईची नाराजी तेवढी वर्षं पुरते. तिच्या हातात साप देऊन भीती घालवायचा प्रयत्न करू नका. तिला टाकीची कुलपं दाखवा. पेठेतल्या घरांच्या भिंती एकमेकांना लागून असतात. साप शेजारी गेला तर तो बिनविषारी आहे हे ऐकायला कोणी थांबणार नाही, काठी आधी येईल. नागपंचमीला आजी दुधाची वाटी टाकीपुढे ठेवेल. ठेवू दे, आत मात्र जाऊ देऊ नका. सापाला दूध पचत नाही, पाणीच द्या. जेवण म्हणजे सापाच्या सगळ्यात जाड भागाइतका उंदीर, गोठवलेला, मग कोमट पाण्याने पूर्ण वितळवून गरम केलेला, चिमट्याने दिलेला. जिवंत उंदीर सापाला चावून जखमी करतो. हिवाळ्यात बॉल पायथन आठवडेच्या आठवडे जेवण नाकारतो. वजन टिकून असेल तर घाबरू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि महिन्यातून एकदा वजन लिहून ठेवा.

हा सराव रानातल्या सापाला लागू नाही

काही महिन्यांत हात स्थिर होतो आणि तिथेच धोका सुरू होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या घरांत पाण्याबरोबर साप शिरले होते, आणि पावसाळ्यात एरवीही निघतातच. पाळीव साप हाताळणाऱ्याकडे गल्ली अपेक्षेने बघते. नाही म्हणा. बिनविषारी डुरक्या घोणस आणि विषारी घोणस, बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांच्यात भले भले चुकतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्याकडे सर्रास आढळतात, आणि बॉल पायथनवर बसलेला हात घोणशीपुढे अगदीच कच्चा असतो.

साप दिसला तर लांबून नजर ठेवा, लोकांना मागे सारा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. रानातला साप कोणाला चावलाच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका, साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका. अंगठ्या-बांगड्या उतरवा, चावलेला भाग हलू देऊ नका, आणि थेट कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय किंवा जवळचं प्रतिसर्पविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा.