मुआद्दिब: वाळवंटातल्या वीराचं नाव उलगडायचं कसं

परभणीत आमच्या वाचनालयात रविवारी दुपारी पोरं एकत्र वाचायला बसतात. काही स्पर्धा परीक्षेवाली, काही कृषी विद्यापीठातली. 'ड्यून'वरचा सिनेमा २०२१ साली आला, त्याचा पुढचा भाग २०२४ साली, आणि तेव्हापासून फ्रँक हर्बर्टची मूळ कादंबरी मागणारे वाढले. कादंबरी १९६५ची, अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहावर घडणारी विज्ञानकथा, इंग्रजी जड. पॉल ॲट्रिडीज या नायकाला वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांत जे नाव मिळतं, तिथे बहुतेकांचं अडतं. "मॅडम, मुआद्दिब म्हणजे काय हो?" असं कुणी विचारलं की मी लगेच उत्तर देत नाही. मोबाइलवर ते एका ओळीत सापडतं: वाळवंटातला उंदीर. ओळ खरीच आहे. पण तेवढ्यावर पुस्तक मिटणाऱ्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हर्बर्टने सगळ्या गाथेचा गाभा या एका नावात ठेवलाय.

हे नाव कसं वाचायचं, याची आमच्याकडे रुळलेली रीत सांगते. कथेतली काही वळणं त्यात आधीच कळतील, तेवढी तयारी ठेवा.

एक वही घ्या आणि पानावर चार खाने पाडा. पान क्रमांक, नाव कोण घेतंय, कोणासमोर घेतंय, आणि त्या घडीला पॉल कोण आहे: सरदाराचा मुलगा, पोरका, टोळीतला नवखा, सेनापती की बादशहा. नाव दिसलं की ओळ लिहायची. अर्थ लिहायची घाई नको.

बहुतेक जण वही नामकरणाच्या प्रसंगापासून सुरू करतात. ती पहिल्या पानापासून करा. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर राजकन्या इरुलानच्या ग्रंथांतले उतारे आहेत आणि मुआद्दिब हे नाव पहिल्याच उताऱ्यात येतं. पॉल तेव्हा पंधरा वर्षांचा आहे, कॅलडन ग्रहावर आपल्या खोलीत अंथरुणात पडलेला आहे, आणि त्याचं पुढचं नाव मात्र इतिहासात लिहूनही झालंय. वहीत 'कोण घेतंय'खाली इरुलान लिहा आणि 'कोणासमोर'खाली पुढच्या पिढ्या. वाचकाला माणूस भेटायच्या आधी नाव भेटतं, ही हर्बर्टची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे.

दुसरी मोठी नोंद पहिल्या भागाच्या शेवटी सापडेल. वडील मारले गेलेत, पॉल आणि त्याची आई जेसिका वाळूखाली तंबूत लपलेत, आणि पॉलला पुढचं दिसू लागलंय. लोक मला मुआद्दिब म्हणतील, असं तो स्वतःच बोलतो. तिथे अर्थ दिलाय 'वाट दाखवणारा'. उंदराचा पत्ताही नाही. हा अर्थ तसाच नोंदवून ठेवा.

त्यानंतर मायलेक रात्री वाळवंटात असताना एक परिच्छेद येतो, आणि पोरं तो हटकून गाळतात, कारण त्यात काही घडल्यासारखं वाटत नाही. वाळूवर छोटे उंदीर उड्या मारतायत, थांबून कानोसा घेतायत, परत उडी मारतायत. मग आवाज न करता एक पक्षी येतो आणि त्यातला एक उचलून नेतो. बस, एवढंच. इथे नाव येत नाही, पण वहीत ओळ लिहाच. पॉल ज्या प्राण्याचं नाव पुढे मागून घेणार आहे, त्याला जगताना आणि मरताना आपण इथे बघितलेलं असतं.

आता नामकरण. या दोन-तीन पानांना एक आख्खी दुपार द्या. जामिस नावाच्या फ्रेमेनने पॉलला द्वंद्वाचं आव्हान दिलं, पॉलने त्याला मारलं. समोरासमोर उघड्या सुऱ्याने पहिल्यांदाच माणूस मारला. त्या मृत्यूनंतर लगेच टोळी त्याला आपल्यात घेते आणि त्याला एक सोडून दोन नावं मिळतात. पहिलं टोळीचा नाईक स्टिलगर देतो: उसूल, म्हणजे खांबाच्या बुडाची ताकद. हे घरातलं नाव, सीच टाब्र या वस्तीतल्या माणसांनीच घ्यायचं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव लिहितात, ते नाव देणारे सासरचे असतात. उसूल हे तशा जातीचं, घरात घेणाऱ्यांनी दिलेलं नाव आहे. दुसरं नाव चारचौघांत वापरायचं आणि ते ज्याचं त्याने निवडायचं. पॉल विचारतो, तो उड्या मारणारा छोटा उंदीर असतो ना, त्याला तुम्ही काय म्हणता? उत्तर येतं: मुआद्दिब. जेसिका दचकते, कारण हा शब्द तिने तंबूत ऐकलेला असतो.

पॉल इथे आणखी एक गोष्ट करतो आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. वडिलांनी दिलेलं नाव पूर्ण टाकायला तो तयार नाही. पॉल-मुआद्दिब म्हणा, असं तो म्हणतो. वहीत या पानासमोर लिहा: दिलेलं नाव उसूल, मागून घेतलेलं मुआद्दिब, न सोडलेलं पॉल. कुठल्याही गाथेतल्या वीराचं टोपणनाव असो, दिलेलं की मागितलेलं आणि त्यासाठी काय सोडलं, हे दोन प्रश्न आधी विचारा. निम्मी कथा तिथेच उघडते.

आता उंदीर. आमच्या गटातला एक पोरगा शेतकऱ्याघरचा, कृषी विद्यापीठात शिकणारा. त्याने हा प्रसंग वाचून मला विचारलं, "मॅडम, एवढ्या मोठ्या घराण्यातला पोरगा, अन् उंदराचं नाव घ्यायलाय?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडे उंदीर म्हणजे हरभरा-सोयाबीनचा वैरी, बिळात झिंक फॉस्फाइडचं आमिष टाकायचं. म्हणून पुढची पायरी ही, की प्राणी त्या लोकांच्या नजरेने बघा. स्टिलगर त्याचे गुण सांगतो: तो वाळवंटाचा जाणता आहे, स्वतःचं पाणी स्वतः तयार करतो, उन्हापासून लपतो, गार रात्री फिरतो, त्याची वीण मोठी आहे. आणि शेवटी सांगतो, की आम्ही त्याला पोरांचा शिक्षक म्हणतो.

'स्वतःचं पाणी तयार करतो' हे वाक्य काव्य म्हणून सोडून देऊ नका, त्याची शहानिशा करा. त्याच पोराने ती केली आणि पुढच्या बैठकीत आम्हाला समजावून सांगितलं. अमेरिकेच्या वाळवंटात कांगारू रॅट नावाचे उंदीर आहेत. त्यांना पाणी प्यावंच लागत नाही. कोरड्या बिया खायच्या. त्यातली पिष्टं आणि चरबी शरीरात जळताना जे पाणी तयार होतं, त्याच्यावर भागवायचं. मूत्रपिंड इतकं कडक की लघवीत पाणी जवळजवळ जाऊच देत नाही. श्वास बाहेर पडताना नाकाच्या गार पोकळीत त्यातली वाफ परत धरली जाते. दिवसभर बिळात. हे ऐकून झाल्यावर कादंबरीतला स्टिलसूट आठवा: घाम, श्वास, लघवी यांतलं पाणी गाळून परत पिण्यासाठी देणारा, फ्रेमेन लोकांचा अंगरखा. उंदराचं शरीर जे आपसूक करतं, ते ही माणसं कापड आणि नळ्यांतून करतात. उंदराला शिक्षक का म्हणतात हे तेव्हा लख्ख कळतं. ज्या मुलखात टँकरची वाट बघत उन्हाळे गेलेत, तिथल्या वाचकाला तर हे कुणी समजावून सांगायलाही नको.

मग नाव बदलून बघा. पोरं या खेळात फार रमतात. पॉलने उंदराऐवजी वाळूतल्या अजस्र किड्याचं, शाय-हुलूदचं नाव मागितलं असतं तर? टोळीने ते उद्धटपणाचं मानलं असतं, कारण तो त्यांचा देव. ससाण्याचं मागितलं असतं तर? इथे थांबा. ॲट्रिडीज घराण्याचं मानचिन्हच ससाणा आहे. घराण्याची खूण शिकारी पक्षी, आणि पोरगा नाव निवडतो त्याचं, ज्याला पक्षी उचलून नेतो. तो वाळूवरचा परिच्छेद आता काढून परत वाचा. वरून बघणाऱ्या राज्यकर्त्यांची बाजू सोडून तो खाली, बिळात राहणाऱ्यांच्या बाजूला आलाय, आणि हे सांगायला लेखकाने एकही भाषण खर्ची घातलेलं नाही.

भाषेकडे त्यानंतर जा, आधी नको. आधी गेलात तर शब्दकोशातच अडकून बसाल. मराठवाड्यात या कामाला माणसं सहज मिळतात. १९४८ सालापर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, उर्दू जाणणारी घरं गावोगाव आहेत. आमच्याकडे वर्तमानपत्रं वाचायला एक निवृत्त उर्दू शिक्षक येतात, सगळे त्यांना मास्टरसाब म्हणतात. त्यांना मी पान दाखवलं. ते म्हणाले, "मुअद्दिब. जो अदब सिखाए. लड़कों का उस्ताद." त्यांनी कादंबरी वाचलेली नव्हती आणि स्टिलगरचं शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून आलं. उसूलचंही तसंच: अरबीतल्या 'अस्ल'चं अनेकवचन, मुळं, पाया, आपला 'अस्सल' त्याच घरातला. हर्बर्टने अरबी शब्द उचलले, काही वाकवले, काहींना वेगळे अर्थ जोडले. म्हणून कोशातला अर्थ कथेत टेकतो का ते बघायचं, टेकला तरच घ्यायचा. इथे तो टेकतो.

'वाट दाखवणारा' हा तंबूतला अर्थ अजून लोंबकळतोय, तो आकाशात सुटतो. अराकिस ग्रहाच्या एका चंद्रावर फ्रेमेन लोकांना या उंदराची आकृती दिसते, आणि त्याच नावाचं एक नक्षत्र आहे, त्याची शेपटी उत्तर दिशा दाखवते. वाळवंटात रात्री चालणाऱ्याला ती खूण म्हणजे जीव. पायाखालचा प्राणी, डोक्यावरची दिशा आणि पोरांचा शिक्षक, असे तिन्ही अर्थ मग एका नावात बसतात.

इतकं झाल्यावर वहीतला दुसरा खाना वरपासून वाचून काढा. पॉलच्या घराण्याचे वैरी हार्कोनेन, त्यांच्या तोंडी हे नाव येतं तेव्हा मुआद्दिब म्हणजेच पॉल हे त्यांना माहीत नसतं. पॉल त्यांच्या हिशेबी वाळवंटात मेलाय. टोपणनाव इथे बुरखा होतं. आणि फेदायकीन नावाचे त्याचे कडवे लढवय्ये तेच नाव घेऊन तुटून पडतात, तिथे ते रणघोष होतं. चौथ्या खान्यातला पोरका मुलगा कुठल्या पानावर दिसेनासा झाला, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. मी पोरांकडून हे करून घेतेच.

१९६९ साली आलेला पुढचा भाग, 'ड्यून मसाया', वाचल्याशिवाय नावाचा हिशेब पुरा होत नाही. तिथे पॉल स्वतः सांगतो, की कमी धरलं तरी आपल्या नावाने झालेल्या युद्धात एकसष्ट अब्ज माणसं मेली. लपून जगणाऱ्या, आपल्यापुरतं पाणी तयार करणाऱ्या प्राण्याचं नाव, आणि त्या नावाखाली एवढा संहार. वीरांच्या मागे डोळे मिटून जाऊ नका, हे हर्बर्टला सांगायचं होतं आणि मुलाखतींतूनही त्याने ते सांगितलंय. सिनेमा बघून आलेल्या पोरांना पॉल फक्त आवडलेला असतो. आवडू द्यावा. पण एकसष्ट अब्ज हा आकडा वहीत नामकरणाच्या ओळीशेजारी लिहायला लावावा, मग चर्चा आपोआप रंगते.

रीत हाताला बसली का हे तपासायला मी आपल्याच मुलखातलं नाव देते: मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला पोरगा, नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमधल्या धन्याने त्याचं नाव अंबर ठेवलं. हिंदुस्थानात आला तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याचा गुलाम म्हणून, आणि तो चंगेझखानही आधी गुलामच होता. पुढे हाच अंबर निजामशाहीचा कारभारी झाला, नावाआधी मलिक लागलं, म्हणजे सरदार, मालक. मोगलांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणलं. १६१० साली त्याने वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२६ साली तो गेला, कबर खुलताबादला आहे.

तेच चार खाने पाडा. अंबर हे दिलेलं नाव, मलिक कमावलेलं. वैऱ्यांचं बघायचं तर जहांगीरच्या आठवणी काढा; तो अंबरचा उल्लेख रंगावरून शिव्या देऊन करतो, आणि त्या शिव्यांवरूनच बादशहाला हा माणूस किती सलत होता ते कळतं. चापूच्या ओळीत 'कोण घेतंय'खाली आई-वडील लिहावंसं वाटेल. पुरावा मिळेपर्यंत तो खाना कोरा ठेवा, अंदाजाने भरू नका.