जीपीएसचे स्थान जुन्या टोपोशीटवर सतत वायव्येला सरकत होते: माझा अनुभव

सह्याद्रीतील पायवाटांची नोंद करताना, हातातल्या जीपीएस यंत्राने दाखवलेले अक्षांश-रेखांश १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या टोपोशीटवर (भूरूपे व उंची दाखवणाऱ्या सर्वेक्षण नकाशावर) उतरवले की प्रत्येक ठिकाण सुमारे सव्वाशे मीटर, म्हणजे कागदावर अडीच मिलिमीटर, वायव्येला पडत असे. यंत्र रीसेट केले, गगन (जीपीएसची अचूकता वाढवणारी भारतीय उपग्रह-सेवा) सुरू केले, अर्धा तास सरासरी घेतली. फरक पडला नाही. दोन मोसमांच्या नोंदी संशयास्पद ठरल्याने मी फार हताश झालो होतो.

चूक नेहमी एकाच दिशेला होती, हा खरा धागा होता, कारण उपग्रह-संकेतांतील चुका अशा एकाच बाजूला कायम राहत नाहीत. जुनी टोपोशीट १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती प्रतिरूपावर) आधारलेली आहेत, यंत्र मात्र डब्ल्यूजीएस ८४ ही जागतिक प्रणाली वापरते. अक्षांश-रेखांश मोजण्याच्या अशा आधाराला डेटम म्हणतात; दोन्हींचे डेटम वेगळे असल्याने एकाच ठिकाणाचे आकडे वेगळे येतात.

उपाय म्हणजे यंत्राचा डेटम नकाशाप्रमाणे बदलणे. आधी नकाशा कोणत्या डेटमवर आहे हे पाहण्यासाठी टोपोशीटच्या समासातील माहिती वाचावी. २००५ च्या धोरणानंतरच्या ओपन सीरिज नकाशांना हा बदल लागत नाही. मग यंत्राच्या सेटअपमधील ‘पोझिशन फॉरमॅट’मध्ये जाऊन ‘मॅप डेटम’खाली भारत-नेपाळसाठीचा ‘इंडियन’ पर्याय निवडावा (बांगलादेश व थायलंडचे पर्याय वेगळे आहेत). त्यानंतर नकाशावर दाखवलेल्या त्रिकोणमितीय खांबापाशी (सर्वेक्षणाच्या खुणेच्या खांबापाशी) उभे राहून पडताळणी करावी. निर्देशांक इतरांना, विशेषतः बचाव पथकाला, देण्यापूर्वी डेटम न विसरता पुन्हा डब्ल्यूजीएस ८४ करावा.