कपाटे करून घेताना या चुका टाळा: आधी पाठ पाहा, मग दार

घरासाठी सुताराकडून कपाटे करून घ्यायचे ठरले की लॅमिनेटचा रंग, मुठी आणि आरसा यांवर घरात आठवडाभर चर्चा रंगते. कपाटाची पाठ कोणत्या फळीची असेल आणि ती कोणत्या भिंतीला टेकेल, हे मात्र कोणी विचारत नाही. गोव्याच्या हवेत कपाट बिघडते ते बहुतेक वेळा पाठीकडूनच.

फोंड्याच्या आमच्या घरात मी हीच चूक केली. पश्चिमेकडच्या चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला अगदी चिकटवून सात फुटी कपाट बसवून घेतले आणि पाठीला ६ मिलिमीटरचे साधे प्लायवूड लावू दिले. दुसऱ्या पावसाळ्यात, ऐन श्रावणात, पूजेसाठी पैठणी काढायला खालचा खण ओढला तर तो अर्ध्यावरच अडकला. आतून ओल्या गोणपाटासारखा वास आला, पैठणीच्या घडीवर पांढरी बुरशी दिसली आणि खण बाहेर काढल्यावर मागची फळी फुगून तिचे पापुद्रे सुटलेले आढळले. सुताराला दोष द्यावा, तर भिंत त्याला मीच दाखवली होती.

चिरा सच्छिद्र असतो. बाहेरचा गिलावा तडकला की जून ते सप्टेंबर तो पाणी पीत राहतो आणि कपाट चिकटून उभे असले की ती ओल आतल्या बाजूला सुकायला वाव राहत नाही. म्हणून जागा ठरवण्यापूर्वी, शक्यतो भर पावसात, पॉलिथिनचा दीड फुटी चौकोनी तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद करावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब भिंतीकडच्या बाजूने धरले असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूने धरले असतील तर दमटपणा हवेतला आहे. पहिल्या स्थितीत आधी बाहेरचा गिलावा दुरुस्त करावा. आतून रंगाचा हात मारून ओल फक्त झाकली जाते. त्यानंतरही कपाट भिंतीपासून इंच-दीड इंच पुढे ठेवावे, वर-खाली हवेला वाट द्यावी, खाली चार इंचांची बैठक घ्यावी आणि पाठीच्या फळीला दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावून घ्यावे, कारण एकाच बाजूने लावलेली फळी वाकते.

प्लायवूड घेताना ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नये. फळीवरचा शिक्का वाचावा: आयएस ३०३ या भारतीय मानकात एमआर (दमटपणाला तोंड देणारे) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही तोंड देणारे) असे दोन प्रकार येतात, तर आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायवूड. झोपण्याच्या खोलीत बीडब्ल्यूआर चालते. सिंकखाली मात्र ७१०च वापरावे आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कडही बंद करून घ्यावी, कारण पाणी आत शिरते ते कापलेल्या कडेतून. वाळवीचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. भिंतीवर मातीच्या बारीक रेषा दिसत असतील तर त्यावरचे उपचार कपाट बसण्यापूर्वीच व्हायला हवेत.

जुन्या घरांत भिंती काटकोनात क्वचितच असतात. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजावी, सर्वांत लहान माप धरावे आणि राहिलेल्या फटीसाठी पट्टी ठेवावी. मापे टाइल्स आणि गिलावा पूर्ण झाल्यावरच घ्यावीत. कपडे टांगायच्या कपाटाला आतून सुमारे २२ इंच खोली लागते. १८ इंचांत हँगर तिरके बसतात. ओट्याखाली सिलिंडर ठेवणार असाल तर दाराच्या तळाशी जाळी हवीच, कारण गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. ओट्यावरची कपाटे नुसत्या गिलाव्यात स्क्रू मारून टांगू देऊ नयेत. भांड्यांच्या वजनाने ती सुटतात.

मांद्रे किंवा मिरामारसारख्या समुद्राजवळच्या भागांत साध्या बिजागऱ्या लवकर गंजतात. तेथे किमान ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील मागावे, उघड्यावरच्या मुठींसाठी ३१६.

पावसात दार घासू लागले की अनेक जण लगेच रंधा मागवतात. तो आततायीपणा ठरतो. आधी बिजागरीचे स्क्रू फिरवून दार वर-खाली किंवा बाजूला सरकवून पाहावे. एरवी घासत नसलेले भरीव लाकडाचे दार तर पाऊस सरेपर्यंत तसेच राहू द्यावे, कारण जुलैत तासलेले दार दिवाळीनंतर सैल पडते.

अंदाजपत्रकात दर चौरस फुटाने असेल, तर तो फक्त दर्शनी मापाचा आहे की आतले खण आणि ड्रॉवर त्यात धरले आहेत, हे लिहून घ्यावे; बहुतेक भांडणे येथेच उगवतात. आणि ‘चवथीपूर्वी सारे उरकून द्या’ असा गणेशचतुर्थीचा आग्रह धरू नये. चवथ जवळ आली की मेस्तांच्या, म्हणजे सुतारांच्या, हाती दहा घरांची कामे असतात आणि त्या दिवसांत मारलेले मेलामाइन पॉलिश दमट हवेने पांढुरके पडते, मग ते घासून पुन्हा मारावे लागते. काम नोव्हेंबरात सुरू करावे. ओलीची परीक्षा मात्र त्याआधीच्या पावसातच करून ठेवावी.