मंडळीची रचना बदलताय? आधी या चुका टाळा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा मागचं इतिवृत्ताचं रजिस्टर चाळलं. वर्षभराच्या सभांत कंपाउंडची भिंत, माइक आणि सणाच्या जेवणाचा आचारी, हेच विषय. आजाऱ्यांच्या घरभेटी? एकदाच, तेही ‘वेळेअभावी पुढील सभेत’. आणि वेदीमागे रंगवलेलं बायबलचं वचन मात्र ‘शिष्य करा’!

पहिली चूक म्हणजे आधी पद काढायचं आणि मग त्याला काम शोधायचं. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा 6वा अध्याय उघडा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नाच्या वाटणीत डावललं जातंय, अशी कुरकुर झाली, म्हणून सात जण निवडले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटणी गेली. आपण काय करतो? त्याच पाच जुन्या सभासदांची नवी उपसमिती! शिवाय प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, ते काम सोडलं आणि ते प्रार्थना व देवाच्या वचनाकडे वळले. आपल्याला नेमकं हे सोडणंच जमत नाही.

दुसरी चूक, सगळं पाळकसाहेबांवर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंवर, टाकणं. बायबलमधला इस्राएल लोकांचा नेता मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसायचा. सासऱ्याने, इथ्रोने सांगितलं, हजार, शंभर, पन्नास, दहा माणसांवर नायक नेम (निर्गम 18). हॉलचं कुलूपसुद्धा पाळकच उघडत असतील, तर तुमच्याकडेही इथ्रोची गरज आहे.

तरुण संघ, महिला मंडळ यांचं वेगळं सांगत नाही, दुखणं तेच.

तिसरी चूक जोशाच्या भरात होते. थेट मंडळीच्या घटनेच्या (नियमावलीच्या) दुरुस्तीला हात घालायचा. घटना बहुतेक वेळा स्थानिक मंडळीच्या हातात नसते, मिळकत ट्रस्टच्या नावावर असते, आणि वर्ष वादात जातं. त्यापेक्षा जे हातात आहे ते हलवा. नवा गट केलात तर तो कधी विसर्जित होणार, तेही ठरावातच लिहा, उदाहरणार्थ ‘सुगीच्या सणापर्यंत’.

आम्ही फक्त विषयपत्रिकेचा क्रम बदलला. घरभेटी पहिल्या, भिंत शेवटी. पहिल्याच महिन्यात यादीत चर्चच्या मागच्याच गल्लीतल्या एक आजी निघाल्या. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून दोन वर्षं भक्तीला आल्या नव्हत्या. पुढच्या सभेत पायऱ्यांशेजारी उताराचा ठराव झाला.

भिंतीचा विषय अजून पुढील सभेत आहे.