रक्तातून पीबीएमसी काढायच्या कशा: नव्या प्रोजेक्टवाल्यांसाठी

जानेवारीत एमएस्सीची मुलं प्रोजेक्टला येतात आणि आल्या आल्या सगळ्यांना फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक करून मोजणारं, ओळखणारं यंत्र) बघायचा असतो. बघा की, कुणी नाही म्हटलंय? पण सकाळी सेंट्रिफ्यूजपाशी पेशींची जी वाट लागलेली असते, ती दुपारी ते ऐंशी लाखांचं मशीन दुरुस्त करून देत नाही. म्हणून आधी हे वाचा.

मी पुण्यात एका विद्यापीठाच्या इम्युनॉलॉजी लॅबमध्ये टेक्निकल असिस्टंट आहे. नावापुढे डॉक्टर नाही, पण फायकॉल (रक्ताचे थर वेगळे करणारा द्रव) माझ्याइतकं आमच्या मजल्यावर कुणी ओतलेलं नाही. आमचं काम क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांवर चालतं. एकाच खोलीत झोपणाऱ्या पाच जणांपैकी एखाद्यालाच टीबी होतो, बाकीच्यांच्या शरीरात जंतू शिरूनही आजार होत नाही. असं का, ते त्यांच्या टी पेशींना, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या एका जातीच्या लिम्फोसाइटना, विचारायचं. त्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट आणि मोनोसाइट, म्हणजे पीबीएमसी, जिवंत आणि शांत अवस्थेत वेगळ्या काढायच्या. शांत हा शब्द लक्षात ठेवा. धसमुसळेपणाने हाताळलेल्या पेशी आधीच चिडतात, आणि मग इंटरफेरॉन गॅमा (टी पेशी चेतल्या की सोडतात ते प्रथिन) टीबीच्या अँटिजेनमुळे, म्हणजे जंतूच्या प्रथिनामुळे, आला की तुमच्यामुळे, हे कळत नाही.

रक्ताला हात लावण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेले हवेत. वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने असं असतं, त्यामुळे प्रोजेक्ट ठरला की त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या, जानेवारीची वाट बघू नका. एथिक्स कमिटीची मंजुरी सरांनी आणलेली असते. पण संमतिपत्र मराठीत समजावून सांगायला तुम्हालाच त्या घरात बसावं लागेल. "किती बाटल्या काढणार?" हा प्रश्न हमखास येतो. आठ मिली म्हणजे दीड चमचा, हे सांगा आणि चमचा दाखवा. ट्यूबवर नाव लिहायचं नाही, फक्त कोड.

ट्यूब हिरव्या झाकणाची, सोडियम हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारं औषध). जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि आपल्याला पुढे पेशींना कामाला लावायचं आहे, त्याला कॅल्शियम लागतं. उलट, पीसीआरसाठी डीएनए काढायचा असेल तर ईडीटीएची ट्यूब वेगळी घ्या, कारण हेपॅरिन पीसीआर अडवतं. रक्त घेतल्याबरोबर ट्यूब आठ-दहा वेळा सावकाश उलटी-सुलटी करा. हलवायची नाही, उलटायची.

आता एक गोष्ट जी दर वर्षी सांगावी लागते: रक्त बर्फात ठेवायचं नाही. फ्रिजमध्येही नाही. घरून लॅबपर्यंत थर्मोकोलच्या डब्यात, आइसपॅकशिवाय आणा. थंडीत ठेवलेल्या किंवा रात्रभर पडून राहिलेल्या रक्तातले न्यूट्रोफिल (आपल्याला नको असलेल्या पांढऱ्या पेशी) हलके होतात आणि जिथे नको तिथे, म्हणजे तुमच्या पीबीएमसीच्या थरात येऊन बसतात. आठ तासांच्या आत काम उरकायचं. मी चार तासांच्या पुढे जाऊ देत नाही. हडपसरहून ट्रॅफिकमधून यायचं असेल तर सकाळी सातला निघा.

फायकॉल म्हणजे साखरेचा एक मोठा पॉलिमर, त्यात सोडियम डायट्रिझोएट मिसळून घनता मिलीलीटरला १.०७७ ग्रॅमवर आणलेली असते. ही युक्ती १९६८ साली नॉर्वेच्या आर्ने बोयुम यांनी मांडली आणि आजही जगभर तीच चालते. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या घनतेपेक्षा हलक्या, म्हणून वर तरंगतात. न्यूट्रोफिल जड. लाल पेशी फायकॉलला लागल्या की एकमेकींना चिकटून गठ्ठ्याने खाली जातात. सगळा खेळ घनतेचा, आणि घनता तापमानावर हलते, म्हणून १८ ते २० अंश पाळायचे. फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच वापरायची नाही, अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, फॉइल गुंडाळून, कारण ते उजेडात खराब होतं. मे महिन्यात एसी बंद पडला असेल तर त्या दिवशी सॅम्पल बोलवू नका. गरम रक्तात लाल पेशींचे गठ्ठे जास्त होतात आणि लिम्फोसाइट त्यात अडकून तळाला जातात.

आठ मिली रक्तात आठ मिली पीबीएस (पेशींना मानवणारं क्षारांचं पाणी) मिसळा, कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलं. पंधरा मिलीच्या दोन फाल्कन (निमुळत्या तळाच्या ट्यूब) घ्या, प्रत्येकीत तळाला चार मिली फायकॉल. त्यावर आठ-आठ मिली पातळ केलेलं रक्त चढवायचं. इथे घाई केलेली दिवसभर पुरते.

फाल्कन डाव्या हातात पंचेचाळीस अंशात तिरकी धरा. कोपर हूडच्या (निर्जंतुक हवेच्या कपाटाच्या) टेबलावर टेकवा, हात हवेत ठेवलात तर थरथरणारच. पिपेट-एड (पिपेटमध्ये द्रव ओढणारं-सोडणारं हातातलं यंत्र) सर्वांत हळू वेगावर. पिपेटचं टोक भिंतीला टेकवून फायकॉलच्या अगदी वर ठेवा आणि पहिला मिली थेंबाथेंबाने भिंतीवरून उतरू द्या. एकदा लाल थर पसरला की धार थोडी वाढवता येते. पातळी वर येईल तसं टोकही वर घ्या, रक्तात बुडवू नका. सीमारेषा सुरीने कापल्यासारखी दिसली पाहिजे. तिच्यातून लाल धागे खाली उतरताना दिसले की थर फुटला. तसंच स्पिनला, म्हणजे सेंट्रिफ्यूजला, लावून "होईल बहुतेक" म्हणायचं नाही. सगळं पन्नास मिलीच्या ट्यूबमध्ये काढा, पीबीएसने भरून स्पिन करा, फायकॉल धुऊन काढा आणि नव्या फायकॉलवर पुन्हा सुरुवात करा. पाऊण तास जाईल, पण सॅम्पल वाचेल. त्या माणसाकडे दुसऱ्यांदा रक्त मागायला तुम्ही जाणार नाही आहात, मला माहीत आहे.

सेंट्रिफ्यूज स्विंग-आउट रोटरचा. ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक शून्य. मशीन आरपीएमच दाखवत असेल तर हिशोब असा: जी = ०.००००१११८ × त्रिज्या सेंटीमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १७ सेंमी असेल तर ४०० जी म्हणजे साधारण १४५०. शेजारच्या लॅबचा आकडा उचलू नका, त्यांचा रोटर वेगळा.

ब्रेक प्रत्येक वेळी स्वतः बघा. तुमच्या आधी कुणी तरी बॅक्टेरिया स्पिन करून ब्रेक ९ वर ठेवून गेलेलं असतं, आणि ते कबूल करत नाही. ब्रेक लागला की थर ढवळून निघतात. ब्रेकशिवाय रोटर थांबायला बरीच मिनिटं घेतो, तेवढ्यात झाकणावर टकटक करू नका. मधेच वीज गेली तर घाबरायचं कारण नाही; रोटर आपसूक हळूहळू थांबतो, म्हणजे ब्रेक नसल्यासारखंच. हलवू नका, वीज आली की राहिलेली मिनिटं लावा आणि रजिस्टरमध्ये तसं लिहा.

ट्यूब उचलताना श्वास रोखलात तरी चालेल. वर पिवळा प्लाझ्मा, तळाला गडद लाल, आणि मधल्या पारदर्शक फायकॉलच्या माथ्यावर दुधावर नुकती धरू लागलेल्या सायीइतकी एक पांढुरकी कडी. तेच तुमचं धन. आधी प्लाझ्मा वरून दोन तृतीयांश काढून सायटोकाइन (पेशींनी सोडलेली निरोप्या प्रथिनं) मोजण्यासाठी उणे ८० ला ठेवा. तो पीबीएसने पातळ झालेला आहे, हे लेबलवर लिहा, नाही तर सहा महिन्यांनी सगळे आकडे कमी येतील आणि कुणाला कळणार नाही का. मग पाश्चर पिपेट कडीवर टेकवून भिंतीलगत गोल फिरवत ओढा. लोभ नको. फायकॉल जास्त आलं तर धुताना पेशी खाली बसत नाहीत, प्लाझ्मा जास्त आला तर प्लेटलेट येतात.

पीबीएसने भरून ३०० जीवर १० मिनिटं, नंतर २०० जीवर १० मिनिटं. आता ब्रेक चालेल. दुसऱ्या वेळी वरचं पाणी गढूळ दिसतं, त्या प्लेटलेट, जाऊ द्या. पेलेट (तळाला बसलेला पेशींचा गोळा) बोटाने टिचकी मारून सुटा करा आणि मगच पीबीएस घाला. व्होर्टेक्सकडे (ट्यूब जोरात घुसळणाऱ्या यंत्राकडे) बघायचंही नाही.

काउंटसाठी पेशी आणि ट्रायपॅन ब्लू हा रंग सारख्या प्रमाणात. मेलेल्या पेशी निळ्या होतात, पण दोन-तीन मिनिटांत मोजा, कारण हा रंग जिवंतांनाही मारतो. न्यूबावर चेंबरच्या (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेच्या) चार कोपऱ्यांत मिळून १८० जिवंत पेशी आल्या, तर सरासरी ४५. दोनने गुणा, मग दहा हजाराने. मिलीमागे ९ लाख. पेशी दहा मिली पीबीएसमध्ये असतील तर ९० लाख. आठ मिली रक्तातून इतक्या येणं ठीकच आहे. रक्ताच्या मिलीमागे १० ते २० लाख निरोगी माणसाकडून अपेक्षित असतात. ताज्या पेशींची व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुढचं किट उघडू नका, महाग असतं.

एलिस्पॉटसाठी (इंटरफेरॉन गॅमा सोडणाऱ्या पेशी ठिपक्यांच्या रूपात मोजायची चाचणी) वेलला, म्हणजे प्लेटमधल्या एका खळग्याला, दोन-अडीच लाख पेशी, सोबत टीबीच्या जंतूची ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं. हीच प्रथिनं का, हा प्रश्न व्हायव्हात येतोच: बीसीजीच्या जंतूत त्यांची जनुकंच नाहीत. आपल्याकडे जवळपास प्रत्येकाला जन्मतः बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे नुसत्या ट्युबरक्युलिनला (टीबीच्या जंतूच्या प्रथिनांचं मिश्रण) दिलेल्या प्रतिसादावरून लस आणि संसर्ग यांतला फरक कळत नाही. एक वेल नुसत्या माध्यमाची (पेशी वाढवायच्या द्रवाची) आणि एक पीएचएची (टी पेशींना हमखास चेतवणारं रसायन) ठेवाच. नुसत्या माध्यमात ठिपकेच ठिपके दिसले, तर वर म्हटलेल्या चिडलेल्या पेशी त्याच.

उरलेल्या पेशी गोठवताना ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं रसायन), गार. डीएमएसओ घातल्यावर गप्पा मारत बसू नका. व्हायल (पेशींची छोटी कुपी) आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यात घालून रात्रभर उणे ८० ला, म्हणजे मिनिटाला साधारण एक अंशाने उतरतं. दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनच्या टाकीत. पाच वेळा वापरलं की आयसोप्रोपॅनॉल बदला. साध्या मार्करने लिहिलेला कोड इथेनॉलच्या एका थेंबाने पुसला जातो, क्रायो लेबलच लावा.

रक्त लागलेल्या ट्यूब आणि टिपा १ टक्का हायपोक्लोराइटमधून लाल पिशवीत, कापूस पिवळीत, सुया पांढऱ्या डब्यात. सुई टोचलीच तर पिळू नका, तोंडात बोट घालू नका. साबण, वाहतं पाणी, आणि लगेच सांगा. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. ओरडा बसेल या भीतीने लपवलेलं फार महागात पडतं.

महिन्याभराने प्रत्येक बॅचची एक व्हायल काढा, ३७ अंशांवर पटकन वितळवा, कोमट माध्यम थेंबाथेंबाने घाला आणि पुन्हा मोजा. ८० टक्क्यांच्या खाली जिवंत निघाल्या तर त्या तारखेचं रजिस्टर उघडा: रक्त कधी घेतलं, स्पिन कधी लागला, फायकॉलचा लॉट नंबर कोणता, एसी चालू होता का, थर कुणी लावला. या पाच रकान्यांपैकी एक जरी रिकामा असला, तर त्या बॅचचा डेटा सरांकडे न्यायच्या आधी माझ्याकडे या.