पॉइंट-अँड-क्लिक गेममधली कोडी: लिनिअर की ओपन, आणि ती मांडायची कशी

पॉइंट-अँड-क्लिक गेममध्ये, म्हणजे दृश्यातल्या वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायच्या गेममध्ये, खेळाडू कुठे ना कुठे अडकणारच. अडकावं आणि मग सुटावं, यासाठीच तर तो खेळतो. प्रश्न एवढाच असतो, की एका कोड्यावर अडकल्यावर त्याच्या हाताशी करण्यासारखं दुसरं काही उरतं का? लिनिअर मांडणीत उरत नाही, कारण पहिलं कोडं सुटल्याशिवाय दुसरं समोर येतच नाही. ओपन मांडणीत तीन-चार कोडी एकाच वेळी उघडी असतात. एक सुटेना तर ते बाजूला ठेवायचं, दुसऱ्याकडे वळायचं, आणि डोकं ताजं झालं की परत यायचं.

म्हणून ओपन नेहमीच चांगलं, असं मात्र नाही. ओपनमध्ये गोष्टीचा वेग सुटतो आणि काम कितीतरी वाढतं. अख्खा गेम लिनिअर करायचा की ओपन, असा निर्णय घेऊच नका. प्रत्येक भागाची रुंदी ठरवा. रुंदी म्हणजे त्या क्षणी खेळाडूला हात घालता येतील अशी कोडी किती, तो आकडा. पुढचं सगळं हा आकडा हातात कसा ठेवायचा याबद्दल आहे.

उदाहरणासाठी चाळीसेक मिनिटांचा एक छोटा गेम घेऊ. स्थळ नागपूर, इतवारी. पोळ्याची रात्र. उद्या सकाळी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघणार, त्यांच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे मोहल्ल्यांनी बनवलेले पुतळे, निघणार. मोहल्ल्याचा बडग्या दरवर्षी बनवणाऱ्या काकाजींचा हात मोडलाय, आणि काम त्यांच्या पुतणीवर, निशावर, येऊन पडलंय.

पायरी १: शेवटापासून मागे या

‘मंकी आयलंड’ हा गेम बनवणारे रॉन गिल्बर्ट जी पद्धत वापरतात, ती आजही सगळ्यात भरवशाची आहे: पझल डिपेंडन्सी चार्ट. मोठा कागद घ्या किंवा येड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडा. सर्वांत खाली शेवटची कृती लिहा आणि ‘हे व्हायला आधी काय झालेलं असलं पाहिजे?’ असं विचारत वर चढत जा.

चौकटीत वस्तूचं नाव लिहू नका, खेळाडूची कृती लिहा. ‘डबा’ नाही, ‘आकडीनं डबा खाली काढणे’. बाणाचा अर्थ एकच: हे झाल्याशिवाय ते होत नाही.

आपला चार्ट असा येतो. शेवट: बडग्या ठेल्यावर उभा करणे. त्याला तीन गोष्टी लागतात: बांबूचा सांगाडा, रद्दी चिकटवायला लेई आणि गळ्यातल्या पाटीचा मजकूर. रद्दी घरात पडलेलीच आहे, तिचं कोडं करायची गरज नाही.

सांगाडा: बुरड काकांचा कोयता धारवाल्याकडून सोडवणे → कामट्या चिरून बांधणे
लेई: आजींचा मैद्याचा डबा फळीवरून काढणे → पोहेवाल्याच्या शेगडीवर लेई शिजवणे
मजकूर: मोहल्ल्यातल्या तक्रारी ऐकणे → पाटी लिहिणे

तीन साखळ्या, प्रत्येकी दोन कृती, आणि मग जोडणी.

पायरी २: प्रत्येक बाणाला कारण विचारा

पहिल्या मसुद्यात बाण नेहमी जास्त असतात. लिहिणाऱ्याच्या डोक्यात गोष्ट एका ओळीत असते: निशा आधी कामट्या आणते, मग आजींकडे जाते, मग पाटी लिहिते. ती ओळ तशीच चार्टमध्ये उतरते, आणि सांगाडा बांधून होईपर्यंत आजी तोंडच उघडत नाहीत. का? गेमच्या जगात याला काहीच कारण नाही. कोयत्यावर अडकलेला खेळाडू मग दहा मिनिटं सगळीकडे नुसता फिरत राहतो आणि गेम बंद करतो.

प्रत्येक बाणावर बोट ठेवून कारण सांगा. सांगाड्याशिवाय कागद चिकटणार कशावर? हा बाण खरा, तो राहू द्या. ‘आजी नंतर बोलल्या तर प्रसंग जास्त रंगतो’ हे लेखकाच्या सोयीचं कारण झालं. तो बाण पुसा. एवढ्या एका कामानं बहुतेक लिनिअर गेम आपोआप मोकळे होतात, एकही नवं कोडं लिहावं लागत नाही.

पायरी ३: अरुंद, रुंद, अरुंद

आता कोणत्या भागाची रुंदी किती, ते ठरवा. सुरुवात अरुंद हवी: एक खोली, एक काम, दोन-तीन मिनिटं. खेळाडूला क्लिक कसं करायचं, वस्तू कुठे साठतात, हे इथे कळतं. निशा काकाजींच्या खोलीतला दिवा लावते आणि अर्धवट बडग्या दिसतो, एवढं पुरे. काकाजी तीन गोष्टी सांगतात आणि दार उघडतं. आता रुंदी तीन. जोडणीशी परत एक. मिरवणुकीचा शेवट पूर्ण लिनिअर, कारण तिथे खेळाडूनं पळत सुटायला हवं, फिरत बसायला नको.

१९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’चा पहिला भाग बघा. समुद्री चाचा होऊ पाहणारा नायक आधी दारूच्या गुत्त्यात म्होरक्यांना भेटतो. ते तीन परीक्षा सांगतात: तलवारबाजी, चोरी, खजिन्याचा शोध. कोणत्याही क्रमानं द्या. तिन्ही झाल्या की गोष्ट पुन्हा एका वाटेवर येते आणि जहाज निघतं. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात नकाशाचे चार तुकडे तीन बेटांवर पसरले. तो भाग फार श्रीमंत आहे, पण कुठला धागा कुठल्या बेटावर सुटतो हे डोक्यात ठेवणं नवख्याला जड जातं.

आमचं मत: पहिल्या गेमला रुंदी तीन ठेवा. दोन असली तर दोन्हीवर अडकण्याची शक्यता बरीच राहते; पाचच्या वर गेलात की खेळाडू आपण काय शोधत होतो हेच विसरतो. चारच्या पुढे जायचंच असेल तर खेळाडूच्या हातात कामांची यादी द्या. २०१७ च्या ‘थिंबलवीड पार्क’मध्ये पात्रांजवळ अशी यादी असते आणि तिचा खरोखर उपयोग होतो.

रुंदीबरोबर जागाही मोजा. तीन साखळ्यांना पाच ते सात दृश्यं बास. इतवारीची बारा गल्ल्या-दुकानं चितारली आणि कोडी सहाच, तर खेळाडू रिकाम्या दृश्यांत वस्तू धुंडाळत बसतो. ‘मशिनेरियम’नं २००९ साली यावर चांगला उपाय काढला: यंत्रमानव जिथे उभा आहे तिथून हात पोहोचेल त्याच वस्तू क्लिक होतात, आणि सुरुवातीची दृश्यं बरीचशी बंदिस्त आहेत. एकट्यानं चित्रं काढणाऱ्यानं हा मार्ग जरूर विचारात घ्यावा.

पायरी ४: क्रम लिहू नका, स्थिती लिहा

ओपन मांडणीत काम वाढतं ते इथे. तीन साखळ्या, प्रत्येकी दोन कृती: त्या सहा कृती ९० वेगवेगळ्या क्रमांनी होऊ शकतात. प्रत्येक साखळीत एकच कृती वाढवा, क्रम १६८० होतात. इतक्या क्रमांसाठी संवाद कोणी लिहू शकत नाही, आणि लिहायचेही नसतात.

क्रम ९० असले तरी स्थिती २७ च आहेत. प्रत्येक साखळी तीनपैकी एका अवस्थेत असते (काहीच नाही, अर्धं, पूर्ण), म्हणजे ३ × ३ × ३. प्रत्येक साखळीला एक आकडा द्या: ०, १ किंवा २. संवाद त्या आकड्याकडे बघून ठरवा, ‘याआधी काय घडलं’ याकडे नाही. बहुतेक पात्रांना एकाच साखळीशी देणंघेणं असतं, म्हणून प्रत्येकाचे तीन संवाद पुरतात. सगळ्या २७ स्थिती फक्त काकाजींना कळायला हव्यात, आणि तिथेही प्रत्येक साखळीबद्दल एकेक वाक्य जोडून काम भागतं.

चुकीच्या प्रयत्नांची उत्तरंही मोजून घ्या. आठ वस्तू आणि बारा हॉटस्पॉट (दृश्यातल्या क्लिक होणाऱ्या जागा) म्हणजे ९६ जोड्या. वस्तूवर वस्तू वापरता येत असेल तर आणखी २८. यातल्या शहाण्यासुरत्या माणसाला सुचतील अशा तीसेक जोड्यांना स्वतंत्र उत्तर द्या. उरलेल्यांना चार-पाच सर्वसाधारण वाक्यं आलटूनपालटून वापरा. एकच ‘हे जमणार नाही’ पन्नास वेळा ऐकून माणूस कावतो.

पायरी ५: एक कोडं जवळून

लेईचं कोडं घेऊ. आजींचा मैद्याचा डबा उंच फळीवर आहे. तो काढायला भांड्यांच्या दुकानाची शटर ओढायची आकडी लागते. ओपन गेममधला सगळ्यात मोठा धोका इथेच आहे: खेळाडू आजींच्या घरी जाण्याआधी दुकानासमोरून जातो, आकडी दिसते, उचलतो. नंतर फळी दिसली की हातातली आकडी लावून मोकळा. कोडं सुटलं, पण त्यानं काहीच सोडवलं नाही. गिल्बर्ट यांनी १९८९ च्या लेखात याला उलटं कोडं म्हटलंय: अडचण आधी दिसली पाहिजे, उपाय नंतर.

लिनिअर गेममध्ये हे टाळणं सोपं, ओपनमध्ये मुद्दाम काळजी घ्यावी लागते. मार्ग दोन. एक, अडचण वाटेवरच ठेवा: आजींचं दार काकाजींच्या दाराला लागून, फळी दारातूनच दिसते. दोन, आकडी दिसू द्या पण निशा ती उचलणार नाही: ‘दुसऱ्याची वस्तू कायले घेऊ उगाच?’ फळी बघून आली की घेईल. दुसरा मार्ग जपून वापरा. तीन-चार वस्तूंना असं कुलूप लावलं की गेम पुन्हा गुपचूप लिनिअर होतो आणि खेळाडूला फसवल्यासारखं वाटतं.

आता शेगडी. पोहेवाला सकाळच्या तयारीत आहे. ‘घे न शेगडी, पण पुसून ठेवजो. सकाळी सहाले गिऱ्हाईक येते.’ मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा आणि मग आचेवर ठेवून ढवळायचा. उकळत्या पाण्यात कोरडा मैदा टाकला की गुठळ्या होतात. कोडं हेच आहे. घरी कधी लेई न शिजवलेल्या खेळाडूला हे ठाऊक असेल असं धरू नका. डबा हातात देताना आजी म्हणतात, ‘थंड पाण्यात कालवजो बाई, नाही तं गोळे होते.’ उत्तर गेमच्या आतच मिळालं पाहिजे. मारबत म्हणजे काय, बडग्या कशाचा असतो, हेही तसंच: नागपूरकराला सांगावं लागत नाही, पण गेम सांगलीचा माणूसही खेळेल.

गुठळ्या झाल्या तर? डब्यात मैदा उरलेला हवा. एकदाच मिळणारी वस्तू चुकून संपली आणि पुढचा रस्ताच बंद झाला, याइतकं खेळाडूला दुखावणारं काही नाही. १९९० च्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’मध्ये कस्टर्ड पाय नावाचा गोड पदार्थ मिळतो, त्याचा उपयोग पुढे हिममानवावर फेकायला आहे. भूक लागली म्हणून खाऊन टाकला, की गेम संपला. खेळाडूला मात्र ते कितीतरी नंतर कळतं. ओपन मांडणीत अशी भोकं जास्त पडतात, कारण तुम्ही न कल्पिलेल्या क्रमानं वस्तू वापरल्या जातात. संपणाऱ्या प्रत्येक वस्तूसमोर चार्टवर लाल खूण करा आणि ती पुन्हा कुठून मिळेल ते शेजारी लिहा. मिळत नसेल तर ती चुकीच्या जागी वापरताच येऊ नये.

पायरी ६: साखळ्या एकमेकींना हळूच जोडा

पूर्ण सुट्या साखळ्या म्हणजे तीन वेगळे छोटे गेम. त्या जोडायला बाण लागत नाहीत, माहिती पुरते. लेई शिजत असताना पोहेवाला तुंबलेल्या नालीबद्दल आणि डासांबद्दल बडबडतो, ते पाटीच्या कामी येतं. धारवाल्याच्या हातावर डासांचे फोड आहेत. ज्यानं लेई आधी केली त्याला पाटी थोडी सोपी जाते, ज्यानं पाटी आधी केली त्याचं काही बिघडत नाही.

पाटीच्या कोड्यात अंदाजपंचे उत्तर लागू देऊ नका. तीन पर्यायांतून एक निवडायचा असेल तर खेळाडू तिन्ही दाबून बघतो. ‘——मुळे झालेली —— —— सकट घेऊन जा गे मारबत’ अशा तीन रिकाम्या जागा आणि प्रत्येकीला पाच शब्द ठेवले की १२५ जोड्या होतात. ऐकणं हाच सोपा रस्ता उरतो. फक्त एक पथ्य पाळा: तीनपैकी दोन शब्द बरोबर असले की तसं सांगा.

पायरी ७: खेळायला द्या आणि गप्प बसा

अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या प्रकारासाठीच बनलंय; पण पहिली चाचणी त्याच्याही आधी, कागदी चिठ्ठ्यांवर घ्या. खेळाडू काय करतो ते तो बोलून सांगतो, तुम्ही परिणाम वाचून दाखवता. पाच माणसं पुरतात. त्यात किमान दोन विदर्भाबाहेरची असू द्या आणि एक असा, ज्यानं हा प्रकार कधी खेळलेलाच नाही.

त्यांना मदत करू नका. वहीत दोनच गोष्टी टिपा: कोणत्या कोड्यावर किती मिनिटं गेली, आणि अडकल्यावर माणूस कुठे गेला. दुसरी नोंद जास्त मोलाची. अडकलेला माणूस दुसऱ्या साखळीकडे वळला तर रुंदी काम करतेय. तो त्याच दृश्यात सगळ्यावर सगळं घासत बसला, तर दुसरी कामं उघडी आहेत हे त्याला कळलेलंच नाही. अशा वेळी नवं कोडं घालू नका, काकाजींच्या तोंडी आठवण घाला. पाचपैकी तिघं एकाच जागी अडकले तर संकेत कमी पडतोय, तो आणखी एका पात्राकडून द्या. आणि पाचही जणांनी तिन्ही साखळ्या एकाच क्रमानं सोडवल्या, तर चार्ट कितीही ओपन दिसो, दृश्यांची मांडणी त्यांना एकाच वाटेनं नेतेय: बुरड काकांचं घर काकाजींच्या दारासमोरून हलवा आणि पुन्हा नव्या पाच जणांना बसवा.